दारांची बदनामी

फॉर्म तयार करणाऱ्या माणसानं जन्मात कधी दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहून प्रश्न विचारलेला नसतो, अशी शुभांगीची पक्की खात्री झाली होती. नाहीतर बायका-पोरींच्या मेंदूच्या दुखापतीची पाहणी करायची आणि पहिलाच प्रश्न काय ठेवायचा, तर "आपण कधी डोक्यावर पडला आहात का?"

शुभांगी जांभूळमळ्याची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची घरोघरी फिरणारी सेविका. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढं डाव्या हाताला वळलं की झेंडू, शेवंती, कोथिंबीर, मेथी असं करत करत जी वस्ती लागते, तो जांभूळमळा. तिथं तिनं लसीकरण केलं होतं, बाळंतिणींना दवाखान्यात नेलं होतं, नसबंदीसुद्धा समजावून सांगितली होती, आणि तीही पुरुषांना. पण अशी पंचाईत कधी झाली नव्हती.

पहिलं घर चंद्रभागाकाकूंचं. काकू मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. शुभांगीनं घसा साफ केला आणि प्रश्न जसाच्या तसा वाचला. काकूंनी हातातली मिरची खाली ठेवली.

"मी पडले का डोक्यावर? तू पडली असशील! पोलिओला येते, गोळ्यांना येते, आता शिव्या द्यायला बी यायला लागली व्हय गं?"

दुसऱ्या घरी पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्या घरी कुत्रं सोडलं. चौथ्या घरी जायच्या आधी शुभांगीनं फॉर्मची घडी पर्समध्ये कोंबली आणि आपल्या भाषेत विचारायचं ठरवलं. "काय गं वहिनी, डोक्याला कधी जोरात मार लागला होता का? चक्कर, उलटी, काही?"

आणि मग उत्तरं यायला लागली. लागला होता की! कशानं? दारानं.

पाचव्या घरी दार, सहाव्या घरी दार, नवव्या घरी दार आणि वर खिडकी. चंद्रभागाकाकूंचा राग निवल्यावर त्यांनीही हाक मारून सांगितलं, "माझं बी लिही, दारच लागलं होतं. दोनदा." शुभांगी 'कारण' या रकान्यात दार, दार, दार लिहीत गेली. त्रेसष्ट बायका झाल्या, त्यात एकोणीस दारं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर अंजलीमॅडमनी कागद पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकोणीस?"

"हो मॅडम."

"दारं?"

"चांगली सागवानी आहेत मॅडम," शुभांगी म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिनं जीभ चावली.

बावळट नव्हती हो ती. बाईला लागलेलं दार खरं कुठलं असतं, हे तिला कळत होतं. पण बाईनं सांगितल्याशिवाय आपण कसं लिहायचं? आणि एकोणीसपैकी एक दार तर तिला रात्रंदिवस खात होतं. ते म्हणजे मनालीचं.

मनाली ही साळूबाईंची सून. सटाण्याची पोर, बारावी झालेली, हसरी. तासाभरात झेंडूच्या वीस माळा ओवायची. दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिघडलं. वरणात मीठ दोनदा, नाहीतर नाहीच. मोबाइल फ्रीजमध्ये आणि कोथिंबीर चार्जिंगपाशी. मिक्सर लावला की कान झाकून परसात पळायची. उजेड सोसायचा नाही, दुपारभर झोपायची आणि उठली की कारण नसताना रडायची. "डोक्याला लागलं होतं का?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "हो ताई, दार लागलं म्हणे."

"म्हणे म्हणजे?"

"मला आठवत नाही. हे म्हणाले, दार लागलं."

'हे' म्हणजे धनराज. तो तेव्हा खुरपं शोधायला निघून गेला. खुरपं त्याच्या हातातच होतं.

शुभांगीनं साळूबाईंना परोपरीनं सांगितलं, "मावशी, पोरीला मॅडमना दाखवू. हा मेंदूचा मार असंल." साळूबाई म्हणजे मळ्याची तोफ. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, शेती एकटीनं ओढली, आणि जिभेला हाड म्हणून नाही. "मेंदूचा मार कशाचा? मूळचीच अर्धवट हाय. तिच्या बापानं आम्हाला फसवलं. रविवारी बोलावलाय त्याला बैठकीला. आपली येडी घेऊन जा म्हणावं!"

म्हणजे रविवारी मनालीची कायमची माहेरी रवानगी होणार. आणि एकदा का 'येडी' म्हणून परत गेली की बाईच्या कपाळावरचं ते गोंदण कुठल्या साबणानं निघतं, सांगा बरं! शुभांगीला दोन दिवस घास गोड लागेना.

त्यात भर म्हणून शनिवारी गोरक्ष सुतार उगवला, हातात मापाची टेप घेऊन. शुभांगीनं बचत गटात नावं कोणाची सांगितली नव्हती, पण आकडा सांगून बसली होती. आकड्याला काय, पाय फुटले.

"ताई, तुम्ही माझी बदनामी चालवली हाय."

"मी?"

"ह्या मळ्यातलं एकूणएक दार माझ्या नायतर माझ्या बापाच्या हातचं. आता लोक म्हणत्यात, गोरक्षची दारं बायकांच्या अंगावर धावून जात्यात. काल एक गिऱ्हाईक नाशकात गेलं, फायबरचं दार आणायला. का, तर निदान लागलं तरी मऊ लागंल!" गोरक्षनं हातातली टेप छातीशी धरली. "बाप वर बसून काय म्हणत असंल? उद्या साळूबाईंच्या दारात सगळा मळा जमणार हाय. मी तिथंच माप घेऊन दाखवतो."

शुभांगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "नक्की या गोरक्षभाऊ," ती म्हणाली. "टेप विसरू नका."

रविवारी सकाळी साळूबाईंच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला झेंडूचा ढीग, दुसऱ्या बाजूला बायका. चंद्रभागाकाकू स्टीलच्या डब्यात दही घेऊन आल्या होत्या, कारण भांडण असो की बारसं, रिकाम्या हातानं जायची त्यांना सवय नव्हती. मनालीचे वडील सावळीराम पहाटेच्या एसटीनं आले होते. टोपी गुडघ्यावर ठेवून ते आपल्या अहिराणीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मनी पोर येडी नही शे, बाई. मनी पोर येडी नही शे." मनाली उंबऱ्याशी डोळ्यांवर पदर ओढून बसली होती. ऊन नको म्हणून, पण लोकांना वाटलं लाजेनं.

साळूबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात गोरक्ष मध्ये घुसला.

"थांबा! आधी माझ्या दाराचा निकाल." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं चौकटीला टेप लावलीसुद्धा. "उंची सहा फूट नऊ इंच. धनराजच म्हणतो ना, हिला बी दारच लागलं? पोरी, उभी राहा जरा. पाच फूट एक! आता सांगा, हिच्या डोक्याला चौकट लागली कशी? हिनं उडी मारली का?"

"चौकट नसंल, कडी लागली असंल," धनराज पुटपुटला.

"कडी इथं हाय, हिच्या खांद्याच्या खाली. ताई, पोरीला लागलं कुठं?"

शुभांगीनं मनालीकडं पाहिलं. "सांगू का गं?" मनालीनं मान डोलावली आणि स्वतःच हात डोक्याच्या मागं नेला.

"मागं!" गोरक्षला वकील झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. "मागं लागलं, म्हणजे ही उलटी चालत घरात आली? कोण येतं हो उलटं चालत? माझं दार निर्दोष हाय!"

आता सगळा मळा धनराजकडं बघायला लागला. सावळीरामांनी टोपी डोक्यावर घातली आणि उभे राहिले. पाठोपाठ चंद्रभागाकाकूंनी दह्याचा डबा दोन्ही हातांनी उचलला, फेकायच्या बेतानं. धनराज खुर्चीमागं सरकला.

"मामा, देवाशपथ, मी मारलं नाही हो! मी पाडलं!"

"काय केलं?"

"गाडीवरून पाडलं!"

आणि मग सगळं बाहेर आलं. भाऊबीज झाल्यावर दोघं मोटारसायकलवर वणीला दर्शनाला गेली होती. धनराजच्या डोक्यावर हेल्मेट. मनाली मागं एका अंगाला बसलेली, मांडीवर प्रसादाची पिशवी आणि डोक्यावर नुसता पदर. येताना एका गतिरोधकावर गाडी उडाली. गाडी खाली आली, धनराज खाली आला, मनाली आलीच नाही. ती मागं रस्त्यावर.

"मग थांबला का नाहीस?" शुभांगी ओरडली.

"मला कुठं कळलं? दीड किलोमीटर पुढं गेलो. मी बोलत होतो तिच्याशी. ती उत्तर देईना."

"अरे, मग?"

"मला वाटलं, रुसली."

बायकांमध्ये एक हसू असं फुटलं की झेंडूच्या ढिगाआडचं मांजर पळालं. सावळीराममामांचासुद्धा ओठ हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"परत गेलो तर ही रस्त्याच्या कडंला बसलेली, हातात प्रसाद," धनराजचा आवाज आता बारीक झाला. "मला म्हणाली, आपण दर्शनाला कधी निघायचं? मी घाबरलो. आईनं बजावलं होतं, सुनेला मागं बसवून गाडी दामटलीस तर गाडी विकून टाकीन. मग मीच हिला सांगितलं, दार लागलं."

"आणि तीन महिने तिला येडी म्हणू दिलंस?" हे शुभांगी म्हणाली, आणि आता कोणीच हसत नव्हतं. "अरे, दगडाला तरी लाज असते!"

तिनं काकूंच्या हातातून दह्याचा डबा घेतला आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवला. "हे बघा सगळ्यांनी. डब्याला पोचा आला का? नाही. सांडलं का? नाही. आता आत बघा." झाकण उघडलं. सकाळी सुरीनं कापावं असं घट्ट लागलेलं दही फुटून पाणी पाणी झालं होतं. "डोकं म्हणजे हा डबा. वरून रक्त नाही, टाका नाही, म्हणून आपण म्हणतो काही झालं नाही. आत फुटलेलं असतं. मग मीठ दोनदा पडतं, उजेड टोचतो, रडू येतं. ही येडी नाही, हिला लागलंय. विश्रांती पाहिजे, डॉक्टर पाहिजे, आणि पुन्हा मार बसता कामा नये. पण बाई विसरायला लागली की आपण आधी काय म्हणतो? नाटकं करते."

साळूबाई डब्यात बघत राहिल्या. 

गोरक्षला मात्र विजय चढला होता. त्यानं टेप सर्रकन ओढली. "एक दार सुटलं! राहिली अठरा. कोणाकोणाची हायत, बोला. घरोघरी येऊन माप घेतो. या पुढं!"

कोणी पुढं आलं नाही. एकीनं पदर सारखा केला. एक झेंडूची पाकळी चुरत बसली. चंद्रभागाकाकू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागल्या. गोरक्ष या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत गेला आणि त्याच्या हातातली टेप आपोआप आत गेली.

"माझं लिहिलंय त्यात एक," साळूबाई म्हणाल्या. "माप घ्यायचंय ना गोरक्ष? घे. ते बघ, भिंतीवर. हार घालून बसलंय."

उघड्या दारातून आतल्या भिंतीवर साळूबाईंच्या नवऱ्याचा फोटो दिसत होता. झेंडूचा हार ताजा होता. रोज सकाळी त्याच ओवायच्या.

धनराजनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा आईकडं.  मग चंद्रभागाकाकू, कोणाकडं न बघता, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "तुझं बरं, भिंतीवर तरी गेलं. माझं अजून चालतं-फिरतं. आत्ता पारावर पत्ते खेळतंय."

हसावं की रडावं कोणाला कळेना, म्हणून बायकांनी दोन्ही केलं. शुभांगीनं पदराला डोळे पुसले, पेन काढलं आणि तसंच पर्समध्ये परत ठेवलं.

"मला बी येडी साळू म्हणायचे," साळूबाई म्हणाल्या. "दूध उतू जायचं, हिशेब चुकायचे. मी म्हटलं, असेन. तीस वर्षं म्हटलं." त्यांनी डब्याला बोट लावलं. "काय गं शुभांगी, फुटलेलं दही परत लागतं का?"

शुभांगीला खोटं बोलवेना. "मनालीचं बरंचसं लागंल, मावशी. आत्ताच जपलं तर. तुमचं मला नाही सांगता यायचं. मॅडमना विचारू."

"मग उद्या दोघींना ने."

साळूबाई उठल्या. व्याह्यांपुढं हात जोडले. धनराजच्या खुर्चीला अडकवलेलं हेल्मेट काढून सुनेच्या मांडीवर ठेवलं, आणि तो काही बोलायच्या आत त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं झेंडू निवडायला लागला. मग सुनेच्या डोळ्यांवरचा पदर त्यांनी हातानं थोडा आणखी पुढं ओढला.

"ऊन वाढलं. आत जाऊन पड जरा," त्या म्हणाल्या. "आणि दार लोटून घे. दार काय करत नाय."