रद्द झालेली शिक्षा
इनास भेंडी चिरत बसली होती, तेवढ्यात रतीबामावशी फोन नाचवत आत आली. "बघ, सुटला मेला!" म्हणत ती मटकन खुर्चीत बसली.

फोनवर ठळक मथळा होता: 'औषध दुकानदाराची शिक्षा रद्द! अखेर न्याय जिंकला.'

हा दुकानदार म्हणजे नागेह; औषधं देतो म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. इजिप्तमधल्या दुमयात शहरात, बाजारातल्या त्याच्या दुकानात इनास कामाला होती. दीड वर्षापूर्वी भर दुपारी शटर ओढून त्याने तिच्यावर हात टाकला. न्यायालयाने त्याला दोषी धरलं, पण शटर ओढून तिला कोंडल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून कलम हलकं लागलं आणि तीन वर्षांवर भागलं. सरकारी वकिलांना ते पटेना. तेच कैरोच्या वरच्या न्यायालयात गेले होते.

इनासने आपल्या वकील फिक्रियाबाईंना फोन लावला.

"अगं, आपल्याच बाजूने लागलंय," त्या म्हणाल्या. "शिक्षा कमी पडली म्हणून निकाल रद्द. खटला नव्याने चालणार. तोवर तो आतच."

इनासने हे सगळं मावशीला समजावलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सुटलाच ना? रद्द म्हणजे रद्द. माझं रेशनकार्ड रद्द झालं होतं, तेव्हा साखर मिळत होती का?"

गल्लीला एवढंही ऐकायचं नव्हतं. कालपर्यंत नागेहला शिव्या घालणारा इस्त्रीवाला आता इनासला पाहून मान फिरवू लागला. शेजारणी सांत्वनाला आल्या, त्या नागेहच्या घरी आनंदाप्रीत्यर्थ वाटलेलं लाल सरबत पिऊनच. शेवटी इनासने बातमीदारालाच फोन केला.

"निकालपत्र वाचलंत का?"

"बाई, चाळीस पानं कोण वाचतंय? लोक मथळ्यापुढे जात नाहीत."

"आणि तुम्ही?"

त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नागेहचा भाऊ बक्री गाडीला फुलं बांधून, ढोलवाले घेऊन तुरुंगाच्या दारात हजर झाला. शिपायाने सुटकेचा कागद मागितला. बक्रीने त्याला फोनवरचा मथळा दाखवला. शिपाई पोट धरून हसला. पण बातमीदाराचा कॅमेरा चालू होता आणि बक्री रंगात आला होता.

"शटर ओढलं, बरं मग?" तो गरजला. "मी समोरच चहा पीत होतो, डोळ्यांनी पाहिलं. स्वतःच्या दुकानाचं शटर ओढायला परवानगी लागते काय? न्यायालयानेच सांगितलं, त्यात गुन्हा नाही!"

याच बक्रीने पहिल्या खटल्यात शपथेवर सांगितलं होतं, की शटर दिवसभर उघडं होतं.

फिक्रियाबाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "याला कोणी गप्प बसवू नका गं," एवढंच त्या म्हणाल्या.

खटला पुन्हा उभा राहिला. इनासला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, अनोळखी पुरुषांसमोर, नागेहच्या देखत. पण या खेपेला ती मध्येच थांबली नाही. मग व्हिडिओ लावला गेला. बक्री खाली मान घालून बसला. नागेहला सात वर्षं झाली.

संध्याकाळी मथळा आला: 'निर्दोष सुटलेल्या दुकानदाराला सात वर्षं!'

गल्ली हळहळली. "एकदा सोडलेल्याला परत धरतात होय?" इस्त्रीवाला म्हणाला. "वरून चक्रं फिरली असणार."

रतीबामावशीने दार लावून घेतलं आणि इनासच्या कानाशी लागली. "मला तरी खरं सांग. कोणाला भेटलीस?"

इनासला आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. "न्यायाधीशांना भेटले, मावशी. दोनदा. भर कोर्टात."

"तरीच!" मावशी म्हणाली, आणि तिचं समाधान झालं.