डब्ब्यावर घातलेला आळ

मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बोलतोय. जालन्याचा कारभारी मिस्त्री मला नुसता 'डब्बा' म्हणतो. म्हणू दे बापडा! पण माझ्यावर जो आळ आलाय ना, तो काही केल्या गिळवत नाही.

मोटारीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत माझी जागा. माझ्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक छिद्रं होती. इंजिनाचा विषारी धूर त्यातून जायचा आणि बराचसा निवळून बाहेर पडायचा. २००१ साली वाटूरच्या संपतनं लाल गाडी घेतली, तिच्यासोबत मी आलो. तीन वर्षं एक दिवस कुरकुर केली नाही.

मग संपतला वेगाचं वेड लागलं. कारभारीनं इंजिनाला टर्बो बसवला, पेट्रोल जवळजवळ दुप्पट सोडलं, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घेतली. ताकद वाढली हो, पण तीन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी मधूनच चुकायला लागली. न जळलेलं पेट्रोल थेट माझ्यात यायचं आणि माझ्यातच पेटायचं. मी लालबुंद व्हायचो. स्टिअरिंगसमोर इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा लागला.

"कारभारी, हा दिवा विझून न्हाई राह्यला," संपत म्हणाला.

"टेप लाव त्याच्यावर. ठिणगीचं काम मंग बघू, दोन दिवस गाडी सोडावी लागंल."

दोन दिवस गाडीविना? छे! संपतनं टेप लावली.

त्या ऑक्टोबरात त्याच्या चुलतीचं, गिरिजाबाईचं, वर्षाचं सगळं सोयाबीन खळ्यावर पसरलेलं होतं. एकटी बाई. आभाळ भरून आलेलं आणि मळणीयंत्र दुसऱ्या गावात अडकलेलं. आमच्याकडं अशा वेळी शेंगांवरून ट्रॅक्टर गोल फिरवतात, पण त्या दिवशी ट्रॅक्टरही मिळेना. तिनं फोन लावला.

"संपत, जल्दी ये रे बाबा. भिजलं तर दाणा काळा पडंल. तुझी गाडीच फिरव."

संपत आला. पहिल्या गिअरमध्ये गोल गोल, गोल गोल. इतक्या संथ चालीत मला गार वारा लागेना, ठिणगी चुकतेय, वाळक्या काड्या माझ्या पोटाला घासतायत. मी आतून वितळत होतो. थांब रे मेल्या, थांब, असं ओरडावंसं वाटत होतं! नवव्या फेऱ्याला खळं पेटलं.

संपतनं गाडी बाहेर काढली. गिरिजाबाईनं ओली पोती आपटून आपटून आग विझवली, तरी अर्ध्याहून जास्त पीक राख झालं. आणि पाऊस? तो तर फिरकलाच नाही.

संपतला ठिणगीचं ठाऊक होतं, टेपचं ठाऊक होतं. "काकू, कंपनीचा डब्बा खराब निघाला गं," तो म्हणाला.

"मंग तू काय करणार, लेकरा? हात दाखव आधी, भाजला न्हाई ना?"

तिनं त्याच्या हाताला खोबरेल चोळलं. त्यानं चोळू दिलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारभारीनं मला कापून काढलं आणि माझ्या जागी सरळ पाइप जोडला. तेव्हापासून मी गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे. छिद्रं वितळून आत नुसता गोळा झालाय. ठिणगी अजून तशीच चुकते. आता पेट्रोल पाइपच्या टोकाशी पेटतं, फटाक् करून हातभर जाळ निघतो आणि संपतचे दोस्त टाळ्या वाजवतात.

वर्ष सरलं. काल गिरिजाबाई त्याच गाडीत बसून जालन्याला दवाखान्यात आली होती. गॅरेजपुढं गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "संपत, औंदाबी मळायला तूच ये. आता तो डब्बा काढलाय ना, कशाचं भ्या न्हाई."

संपतनं गाडी चालू केली. मग म्हणाला, "येतो, काकू."

अहो, कुणीतरी सांगा तिला! मला तोंड नाही, तुम्हाला आहे. सोयाबीनची काढणी आठ दिवसांवर आलीय.