जिना नसलेली पायरी

मित्रांनो, मी पायरी आहे, पण कुठल्याच जिन्याची नाही. मी सुटी आहे. मुलांच्या न्यायालयात साक्षीदाराने उभं राहायचा लाकडी कठडा आहे. तो मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो. त्याच्या आत मला ठेवतात. लहान मूल माझ्यावर उभं राहिलं की त्याचं तोंड कठड्याच्या वर येतं. एवढंच माझं काम, पण तेसुद्धा मला धड करू देत नाहीत!

माझा जन्म एका फजितीतून झाला. फार वर्षांपूर्वी इथे एक न्यायाधीश होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणारे. एकदा ते वैतागून म्हणाले, "साक्षीदाराला बोलावलं की नाही?"

कारकून म्हणाला, "साहेब, तो आत उभा आहे. फक्त वर आलेला नाही."

सगळे हसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्याच दुपारी त्यांनी सुताराला बोलावलं. त्याने फायलींच्या मोडक्या कपाटाचं दार कापलं, कडा घासून गोल केल्या, पाय घसरू नयेत म्हणून वर बारीक रेघा पाडल्या. "अनवाणी पोरं येतात, कुसळ जायला नको," असं तो सारखा पुटपुटत होता. आतून मला पोकळ ठेवलं, म्हणजे कुणीही उचलावं.

तीच चूक झाली. कुणीही उचलतं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. माझ्यावर किती पावलं उभी राहिली! कुणाच्या पायांत थोरल्या भावाचे बूट, कुणाचे पाय उघडेच. मुलाची थरथर मला आधी कळायची, न्यायाधीशांना नंतर. जाताना ते साहेब मला टिचकी मारून म्हणाले, "या खोलीत खरं काम हिचंच." ते निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. पंखा पुसायचाय, आणा पायरी. वरचा गठ्ठा काढायचाय, आणा पायरी. चहाचे पेलेसुद्धा माझ्यावरच!

तशात काडी आली. हे नाव शिपाई मावशीने ठेवलेलं, अंगकाठी बघून. नऊ वर्षांची पोर. आईबाप इमारतींच्या कामावर. एक इमारत उभी राहिली की सगळी टोळी पुढच्या गावाला. त्यांची भाषाही इथली नव्हे. असंच गाव बदलताना स्थानकावरच्या गर्दीत काडीच्या हातातून तिच्या तीन वर्षांच्या बहिणीचा, बारकीचा, हात सुटला. कुणा भल्या माणसाने बारकीला बालगृहात पोचवलं. बाप शोधत शोधत तिथे गेला, तर म्हणे, ही तुमचीच कशावरून? कागद दाखवा. सारखं बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाकडे कुठला आलाय कागद? प्रकरण न्यायालयात आलं. हात सुटला तेव्हा सोबत होती ती एकटी काडी. तिची साक्ष झाल्याशिवाय बारकी घरी जाणार नाही, असं ठरलं.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम!

पहिल्या तारखेला दुभाषी आला नाही. काडी दिवसभर व्हरांड्यात माझ्यावर बसून होती. टाचांनी माझ्या पोकळ अंगावर ताल धरायची, दोनदा सावकाश, तीनदा भरभर. बाप मोडकंतोडकं बोलत मावशीला म्हणाला, "बारकी रडली की ही असं वाजवते. डब्यावर. ती गप्प होते."

दुसऱ्या तारखेला दुभाषी आला, तर बालगृहाची फाईल आली नाही. चार महिने गेले होते.

तिसऱ्या तारखेला सगळे आले. दुभाषी आला, फाईल आली, न्यायाधीश बाई आल्या. नव्हते ती मी! आदल्या दिवशी कारकूनसाहेब मला वरच्या मजल्यावर घेऊन गेले, गठ्ठा काढला आणि मला तिथेच विसरले. खोलीला कुलूप. किल्लीवाला रजेवर. पुढे काय झालं ते मावशीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुसता पुसता, नव्हे, आपटता आपटता.

"साक्षीदार दिसत नाही, बाई," कारकून म्हणाला.

"मी धरते की उचलून!" मावशी म्हणाली.

"साक्षीदाराला हात लावायचा नाही. नियम आहे."

"मग खुर्ची द्या."

"साक्ष उभ्यानेच द्यायची असते, मावशी."

"तुम्हीच वाकून बसा मग, तुमच्यावर उभी राहील!"

न्यायाधीश बाईंनी पुढची तारीख दिली. मित्रांनो, मी डोक्यावर होते हो, अगदी त्यांच्या पंख्याच्या वर!

ती पुढची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. कधी न्यायाधीशांची रजा, कधी बदली. दरम्यान टोळी लांब गेली. बाप काम बुडवून, दोन दिवसांचा प्रवास करून पोरीला आणायचा आणि तसाच परत न्यायचा. अशी अडीच वर्षं उलटली.

अखेर दिवस उजाडला. मावशीने मला पहाटेच पुसून कठड्यात ठेवलं होतं आणि स्वतः राखण बसली होती. काडीचं नाव पुकारलं. ती आत आली, माझ्याकडे बघितलं आणि पायाने मला हळूच बाजूला सारलं. जमिनीवर उभी राहिली. तिची हनुवटी कठड्याच्या वर आली होती.

कारकून फाईल चाळत राहिला.

साक्ष झाली. खरंच दहा मिनिटं लागली. हुकूम झाला आणि बालगृहाच्या बाईंनी बारकीला आत आणलं. काडी धावली, तिच्यापुढे बसून भडाभडा बोलत सुटली. बारकी तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मग दुभाष्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाली, "काका, ही ताई काय म्हणते?"

बहिणीचं बोलणं बहिणीला सांगायला दुभाषी! तो बारकीपुढे वाकला. "ती म्हणते, आता हात सोडणार नाही."

काडीने मला कठड्यातून ओढून काढलं, माझ्यावर बसली आणि टाचा आपटल्या. दोनदा सावकाश, तीनदा भरभर. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा बारकी जवळ आली, माझ्या उरलेल्या वीतभर जागेवर कशीबशी टेकली आणि तिची टाच माझ्यावर पडली. सावकाशच्या दोन काडीने वाजवल्या, भरभरच्या तीन बारकीने.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या कारकून व्हाल, कुणी न्यायाधीश, कुणी किल्लीवाले. मला रंग देऊ नका, माझं कौतुक नको. मूल यायच्या दिवशी मला जागेवर ठेवा, आणि त्याला त्याच दिवशी बोलू द्या. तारीख पुढे ढकलता येते हो. मूल तोवर थांबत नाही.