टेस्टिंगची कॅसेट

मी बोलतेय, पण आवाज जरा खरखरतोय, तेवढं सांभाळून घ्या. मी एक साधी कॅसेट. अंगावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'टेक्नो, नगर, १९९३'. अक्षर पंकजचं. कोंबडीचे पाय आहेत नुसते, पण मला आवडतं.

माझा जन्म नगरला, सावेडीतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. पंकज आणि त्याचा मित्र सुहास इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. सुहासच्या चुलत्यानं परदेशातून टेक्नो संगीताची कॅसेट आणली, ती या दोघांनी ऐकली आणि झालं, पोरं कामातून गेली! जुन्या रेडिओचे भाग जोडायचे, त्यातून घूं-घूं, टिवटिव काढायचं, उसन्या कॅसिओवर ते बसवायचं. शेवटी सगळ्या मित्रांचे प्रयोग माझ्यावर एकत्र आले. ए बाजूला पंकजचे, बी बाजूला सुहासचे आणि बाकीच्यांचे. मग पंकजनं माझ्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून टाकले, म्हणजे माझ्यावर कुणी दुसरं काही भरू नये. मला केवढा मान वाटला म्हणून सांगू!

पण असलं संगीत विकत कोण घेणार? माझ्यावरून उतरवलेल्या, मित्रांकडच्या माझ्या बहिणींवर बघता बघता सिनेमाची गाणी भरली गेली. पंकज पुण्याला नोकरीला लागला आणि मला गावी काष्टीला, आईच्या कपाटात ठेवून गेला.

त्याची आई बनाबाई म्हणजे दोन म्हशींचं एकटीनं करणारी बाई. एकदा तिनं मला टेपमध्ये घातलं. टेपचे सेल उतरलेले, मी आपली रडतकढत वाजले. आता कुणी बोलेल, मग कुणी गाईल, म्हणून ती बराच वेळ वाट बघत बसली. शेवटी म्हणाली, "ह्यात मानूसच न्हाई." खराब झालेली कॅसेट समजून तिनं मला स्पीकरवाल्या कानिफनाथकडे दिलं. भीमजयंती जवळ आली होती, हिच्यावर भीमगीतं भरून घे म्हणाली. मी मनातल्या मनात इतकी चिडले, पण आम्हाला विचारतंय कोण?

कानिफनाथनं मोडलेल्या तुकड्यांच्या एका खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि बी बाजूवर भीमगीतं भरली. गाणी झकास आहेत, खोटं कशाला बोलू? पण सुहासचे प्रयोग गेले ते गेलेच. ए बाजूची पाळी आली तेव्हा त्यानं आधी मला आपल्या मोठ्या बॉक्सवर वाजवून बघितलं आणि हात आवरला. खालचा घुमारा असा की मांडवाचे बांबू थरथरावेत, वरची टिकटिक सुईसारखी बारीक. स्पीकर तपासायला याहून चांगलं काय मिळणार? तेव्हापासून मी टेस्टिंगची कॅसेट झाले. मांडव कुणाचाही असो, पहिली मी वाजायची. मी लागले की बायका साड्या बदलायला पळायच्या आणि आचारी भाजीला फोडणी द्यायचा. बनाबाई मात्र म्हशींचं उरकून ऐन वेळेला यायची, त्यामुळे तिच्या कानावर मी कधी पडलेच नाही.

नव्व्याण्णव साली सुहासनं पंकजला फोन केला. जुन्या प्रयोगांची सीडी काढायची होती, पण कुणाकडे काही शिल्लक नव्हतं. पंकज काष्टीला आला आणि त्यानं कपाट उपसलं. बनाबाईनं झालं ते सांगितलं. तो उंबऱ्यात बसून राहिला. आयुष्यात स्वतःचं म्हणून त्यानं तेवढं एकच काही केलं होतं. लेकाचं तोंड बघून बनाबाई उठली. तिनं पदर खोचला आणि त्याला ओढतच कानिफनाथकडे नेलं. बाजारतळाजवळ एका लग्नाचा मांडव पडला होता, तिथं तो वायरी जोडत होता.

ते वळणावर आले तेव्हा मी वाजत होते. पंकज जागीच थबकला. त्याचे डोळे भरून आले. बनाबाई मात्र चालत थेट बॉक्ससमोर गेली. खचाक, खच. खचाक, खच. दुसरा ठोका जरा लंगडा.

"आपल्या जुन्या कडबाकुट्टीचं एक पातं सैल हुतं," ती म्हणाली. "ही आपली कुट्टी हाय का रं?"

"व्हय, आये. तू कडबा तोडत हुतीस. मी शेजारी टेप घेऊन बसलो हुतो."

आई हसेल म्हणून त्यानं तेव्हा सांगितलं नव्हतं. बनाबाई पूर्ण वाजून होईपर्यंत उभी राहिली. कुट्टीचं चाक फिरवून घट्टे पडलेला आपला हात तिनं उलटासुलटा करून बघितला.

"म्हंजे ह्यात मी हुते," ती म्हणाली.

पंकजनं माझी ए बाजू उतरवून घेतली. बी बाजूची हकिकत ऐकून सुहासनं कपाळाला हात लावला म्हणे, मग हसत सुटला. मला न्यायचं म्हटल्यावर कानिफनाथचा चेहरा पडला, तेव्हा पंकजनंच मला त्याच्या पेटीत परत ठेवलं.

आता माझी फीत झिजलीय, मधेच आवाज ओढला जातो. किती लग्नं निघतील कोण जाणे. तरी एक मागणं आहे. कधी मांडवात लवकर आलात आणि मी वाजत असले, तर 'बंद करा ती कटकट' असं म्हणू नका. हल्ली बनाबाई म्हशींचं नंतर उरकते आणि सगळ्यांच्या आधी येऊन बॉक्ससमोर उभी राहते. तिचं ऐकून होऊ द्या.