पाठकोरे कागद

बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं मी तपासणीखात्यात होतो. दुसऱ्याच्या मालातली खोट शोधणं हाच माझा धंदा. त्यामुळे आमच्या जे. पी. नगरच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी अभिमन्यू फोनवर म्हणाला, "काका, प्रणितानेही स्मरणिकेसाठी अगदी हीच कल्पना दिलीय," तेव्हा चोर ओळखायला मला वेळ लागला नाही.

अकरा वर्षं गणपतीची स्मरणिका मीच काढतोय. यंदा कमिटीने बजावलं होतं, काहीतरी नवं सुचवा, नाहीतर काम नव्या पोरांकडे देऊ. हे काम गेलं तर माझ्याकडे उरतं काय? सकाळचं फिरणं आणि रक्तदाबाची गोळी. महिनाभर डोकं खाजवलं आणि एकदा दाढी करताना सुचलं. प्रत्येक घराने आपल्या हस्ताक्षरात एक पान लिहायचं: बंगळुरात शिकलेलं पहिलं कन्नड वाक्य, आणि ते शिकवणारा माणूस. मी स्वतःवरच खूश झालो.

अभिमन्यूला कळवण्याआधी ही गोष्ट मी एकालाच सांगितली होती, यशवंतपूरच्या आमच्या छापखानेवाल्या दयानंदला. त्याच्याकडे नमुनाही ठेवला होता. घरचे पाठकोरे कागद, छापील बाजू आत दुमडून, पिना मारून केलेली पुस्तिका. आणि ही प्रणिता, तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली आयटीतली मुलगी, गेल्याच आठवड्यात लग्नपत्रिका छापायला त्याच्याकडे गेली होती. आणखी पुरावा कशाला हवा?

रविवारी, मीटिंगच्या आधी, मी त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, स्वल्प बसा की," दयानंद म्हणाला. तो निपाणीकडचा, 'थोडं'ला कन्नडातलं 'स्वल्प' म्हणणारा.

"बसायला नाही आलो. माझा नमुना कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही." त्याने खणातून नमुना काढला. "पण एक विचारू? तुम्ही तर इथंच जन्मलात. तुम्हाला कन्नड शिकवलं कुणी?"

"शिकवायचंय काय त्यात? गल्लीत खेळता खेळता आलं."

"मग तुमचं पहिलं वाक्य कुठलं?"

मला सांगता येईना. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. "विषय बदलू नकोस," मी आवाज चढवला.

नमुन्याच्या पिना काढून दयानंदने एक कागद उलगडला आणि माझ्यापुढे ठेवला. "माप घेताना दिसलं," तो म्हणाला.

छापलेली मेल होती. मला पडद्यावर वाचवत नाही, म्हणून स्मरणिकेसाठी आलेलं सगळं मी छापून घेतो. तारीख गेल्या वर्षीच्या जुलैची. 'नमस्कार काका, स्मरणिकेसाठी एक सुचलंय. मी पहिलं कन्नड वाक्य आमच्या भाजीवाल्या यल्लव्वाकडून शिकले...' खाली प्रणिताचं नाव. आणि त्यावर लाल पेन्सिलीने, माझ्या अक्षरात, 'रिजेक्ट'. सहीसुद्धा होती. मला यातलं काहीही आठवत नव्हतं, तरी भयंकर लाज वाटली.

"फाडून टाकू?" दयानंदने हळूच विचारलं. "मी कुठं बोलणार नाही."

कबूल करतो, मी लगेच नको म्हटलं नाही. मग कागद घडी करून खिशात घातला.

दुपारी मीटिंगमध्ये अभिमन्यूने विचारलं, "मग कल्पना मुळात कुणाची?" प्रणिता माझ्याकडे बघत होती. तिलाही माझाच संशय असणार. मी तो कागद तिच्यापुढे सरकवला, छापील बाजू वर करून.

तिने वाचला. लाल अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "वर्षभर मला वाटत होतं, ही मेल तुम्हाला पोचलीच नाही."

"पोचली होती," मी म्हणालो.