सहा नंबरची चौकशी

"पैशाचं ऱ्हाऊ द्या, केरूभाऊ. पोरगं हाय का न्हाई, एवडं इचारा," मनुबाई म्हणाली आणि काउंटरची जाळी धरून उभी राहिली.

केरू कांबळे बँकेच्या पाटण शाखेत एकोणीस वर्षे चौकशीच्या टेबलावर होता. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पाठवलेले पैसे वाटेत अडकले की त्यांचा माग काढायचा, हे त्याचे काम. मनुबाईचा उदयसिंह सैन्यात होता. दर महिन्याला तो छावणीजवळच्या शाखेतून आईच्या खात्यावर पैसे पाठवी. पैसे आले म्हणजे पोरगा खुशाल, एवढेच तिला ठाऊक. आता तीन महिने ना पैसे, ना पत्र.

पूर्वी अशा वेळी केरू लांबलचक पत्र लिही. इंग्रजी बेताचेच, पण मायेत काटकसर नसे. रक्कम, तारीख झाली की खाली एक ओळ जादा: आई काळजीत आहे, मुलगा दिसला तर कळवा. तिकडचा कारकूनही उत्तरात खुशाली लिही. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, तरी केरूच्या मुलीच्या लग्नाला त्याचे कार्ड आले होते.

सत्त्याण्णवच्या एप्रिलपासून हे बंद झाले. सगळ्या शाखांना एकच छापील फॉर्म आला. चौकशीचे कारण आकड्यात, उत्तरही आकड्यात. जादा मजकूर लिहिला तर फॉर्म परत. नावे ठेवायला मात्र जागा नव्हती. महिन्याने येणारे उत्तर आठवड्यात येऊ लागले, आणि केरूला त्याचाच जास्त राग येई.

मनुबाईचे उत्तर नवव्या दिवशी आले. आकडा नऊ.

"मंजी?" तिने विचारले.

"म्हंजी त्येनं पैसं पाठवल्यालंच न्हाईत."

"का न्हाईत?"

"त्येला आकडा न्हाई, मनुबाई."

ती एस.टी. गाठायला गेली. आपण इतके कोरडे कसे बोललो, याची केरूला लाज वाटली. दुपारी डबा तसाच ठेवून तो कारणांची यादी वाचत बसला. सहावे कारण होते: पाठवणाऱ्याच्या सहीची खात्री नाही, त्याला शाखेत बोलावून तीन नव्या सह्या घ्याव्यात. केरूने शेवटी आलेल्या पैशांची, जानेवारीची पावती काढली आणि चौकटीत सहा लिहिले. त्याच्या नोकरीतली ही पहिली खोटी चौकशी.

मॅनेजर मानसिंगरावांनी फॉर्म दोनदा वाचला. "केरूनाना, जानेवारीचं पैसं तर कवाच पोचल्यात."

"व्हय, सायेब."

"मग सहीचा संशय कसला?"

"संशय न्हाई, सायेब. त्या बाईच्या जिवाला घोर लागलाय."

मानसिंगरावांनी पेनचे टोपण काढले. "तपासणीत घावलं तर दोगं बी जाऊ," म्हणाले आणि सही केली.

आठव्या दिवशी फॉर्म आला. सहीच्या तिन्ही चौकटींत डाव्या अंगठ्याचे ठसे होते. मॅट्रिक झालेला, झोकदार सही करणारा पोरगा अंगठा का देईल, हे केरूला कुणी सांगायची गरज नव्हती.

मनुबाई आली तेव्हा त्याने काहीतरी गोड खोटे बोलायचे ठरवले होते. ते जमले नाही.

"पोरगं हाय, मनुबाई. सोता ब्यांकंत आलं हुतं. पर उजव्या हातानं सही करता येत न्हाई त्येला. किती लागलंय, ते ह्यात न्हाई."

मनुबाईने जाळी पुन्हा धरली. मग म्हणाली, "चालत आलं असंल न्हवं?"

"आल्याबिगार अंगठा घेत न्हाईत."

"मग बास. ह्यो कागूद मी न्हेऊ?"

"फायलीला लावाय लागतो, मनुबाई. पर बगा की."

त्याने फॉर्म जाळीखालून सरकवला. मनुबाईने पदराने हात पुसला, पहिल्या ठशावर आपला अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला. मागच्या माणसांनी पासबुके पुढे केली. केरूने त्यांना शेजारच्या खिडकीवर पाठवले आणि फायलीसाठी कागदाला भोके पाडायचे यंत्र खणात ठेवून दिले.