जात्यातली मूठभर ज्वारी

रुखमाबाई माहेरी निघाली की दोन गोष्टी अर्ध्या ठेवायची. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी आणि ओवीची दुसरी ओळ. परत आली की आधी ती मूठ दळायची, ओवी पुरी करायची, मगच चुलीकडे वळायची. दर खेपेला ओवी नवी. एकवीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

त्या साली मानमोडीचा ताप होता. वडनेरात रोज कुणाच्या तरी दारात रडणं उठायचं. जळगाव जामोदहून तिचा भाऊ भगवंतराव दमणी घेऊन आला. "मायले ताप भरला. तुलेच बोलावून राह्यली," एवढंच बोलला.

सकाळी ती वाटेसाठी दळायला बसली.

"माहेरा निघाली गाडी, राजा उभा माह्या दारी..."

एवढं म्हणून थांबली.

तिचा नवरा उकंडराव अंगणात बैल जुपत होता. ऊन चढायच्या आत पूर्णा ओलांडायला हवी होती, आणि डावा बैल जू घेईना.

"झालं का नाई वं?"

"झालं. मूठभर ठेवली."

"अन् ओवी?"

"ते बी ठेवली."

उकंडरावाच्या मनात पाल चुकचुकली. "अशा वक्ताले काही अर्धवट ठेवू नाई. पुरी कर अन् बस गाडीत."

ती हसली. "पुरी केली त मंग वापस कायले येऊ?"

"माह्या भाकरी टाकायले!"

आतून तिच्या ओवीच्या दुसऱ्या ओळीचा सूर आला. त्याच वेळी बैलानं मान झटकली, घुंगरमाळ खणखणली आणि उकंडराव "हो, हो!" करत जू धरायला धावला.

गाडी गेल्यावर कुडापलीकडून शेजारीण इमामबी म्हणाली, "भाऊ, आज तिनं गाणं पुरं केलं का?"

"हाव. मीच म्हटलं."

इमामबी अल्लाचं नाव घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून उकंडरावाचा जीव त्या मुठीत अडकला. ओवी संपली असली तरी दळण बाकी होतं. पीठ सरलं तेव्हा त्यानं घुगऱ्या शिजवून खाल्ल्या, पण जात्याला हात लावला नाही.

नवव्या दिवशी दुपारी चाकं वाजली. तो दाराशी आला. चाकं वाजत होती, घुंगरं वाजत नव्हती. भगवंतरावानं माळा काढल्या होत्या. गाडीत फक्त तिचं गाठोडं होतं.

"माय वाचली, दाजी," तो म्हणाला. "बाई गेली."

तेरावं झाल्यावर उकंडरावानं त्याला विचारलं, "तिची दुसरी ओळ कोणती होती?"

"मी चाकाले वंगण देत होतो."

इमामबीला विचारलं.

"आवाज आला भाऊ. बोल घुंगरात गेले."

पाहुणे गेल्यावर तो जात्याशी बसला. खुंटा धरला. पहिली ओळ म्हटली. पुढं काही येईना. परत म्हटली.

मग त्यानं खुंटा सोडला. ज्वारी तशीच राहिली.